बीटल १३०० (१९६६): गरम झाल्यावर ३ नंबर सिलिंडर मिस मारतंय. दसऱ्याला नागपूर–वर्धा न्यावी का?

बजाजनगरवाली

नमस्कार मंडळी,

बाबांची १९६६ ची फोक्सवॅगन बीटल १३०० माझ्याकडे नागपुरात असते. सहा व्होल्टची, उजव्या हाताचं स्टिअरिंग, इंजिन मूळचंच. बाबा दादाकडे वर्ध्याला राहतात. दसऱ्याला मी गाडी घेऊन तिकडे जाते. ते स्वतः तिला धुतात, झेंडूचा हार घालतात, वायपरखाली आपट्याचं पान खोचतात आणि मग मी त्यांना सेवाग्रामपर्यंत फिरवून आणते. यंदा त्यांना ८१ वं लागलंय. फोन आला की पहिला प्रश्न गाडीचा असतो, आणि काय उत्तर द्यावं ते मला सुचत नाहीये.

सकाळी थंड असताना एका सेल्फमध्ये सुरू होते, बरी चालते. लॉ कॉलेज चौक ओलांडून फुटाळ्यापर्यंत गेलं की इंजिन तापतं आणि मिस मारायला लागतं. सिग्नलला उभी राहिली की मागून एक ठोका गळाल्याचा आवाज येतो आणि सीटखाली हादरा जाणवतो. सेमिनरी हिल्सचा चढ पूर्वी तिसऱ्या गिअरमध्ये चढायची, आता दुसरा टाकावा लागतो. निळा धूर अजिबात नाही, तेलही फारसं कमी होत नाही.

आयडलवर प्लगच्या वायरी एकेक काढून पाहिल्या (काढलेली वायर बॉडीला टेकवून ठेवत होते, कॉइल जपायला). १, २, ४ यातली कुठलीही काढली की इंजिन लगेच बसतं. ३ नंबरची काढली तर काही फरकच पडत नाही. प्लग अदलून-बदलून झाले, वायर बदलली, पॉइंट आणि कंडेन्सर नवे आहेत. ३ चा प्लग काळा आणि ओलसर निघतो, बाकी तिघांचे विटकरी.

मग गेज आणून कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते तो आकडा) घेतलं. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, ऍक्सिलरेटर पूर्ण दाबलेला:

१ – ११० पीएसआय
२ – १०८
३ – ५५
४ – १०५

एका गॅरेजवाल्यांचं म्हणणं, "ताई, तीनावर चालते, वर्धा काय दूर आहे, जाऊन या, मग बघू." दुसरे म्हणाले, अख्खं इंजिन खोलून बोअर-पिस्टन, बेअरिंग सगळं नवं टाका. दोघांनीही गाडीखाली वाकून पाहिलं नाही. म्हणून इथे विचारतेय.

ताशी ५० ने, थांबत थांबत, ७५-८० किलोमीटर जाता येईल का? जाड तेल घातलं तर काही फायदा? आणि काम करायचंच झालं तर नेमकं किती? गाडी एक दिवस मिरवायची म्हणून इंजिन गमवायची माझी तयारी नाही. पण बाबांना यंदा नाही म्हणायचं असेल, तर ते खऱ्या कारणासाठीच म्हणायचं आहे.

कामठी_रोड

ताई, काही टेन्शन घेऊ नका. आमच्या काकांनी फियाट तीनावर भंडाऱ्याहून नागपूरला आणली होती, काही झालं नाही. ५० च्या वर जाऊ नका. बुटीबोरीला थांबा, केळझरला गणपतीचं दर्शन घ्या, तेवढ्यात इंजिन थंड होऊन जाते. ३ नंबरच्या प्लगची वायर काढूनच ठेवा म्हणजे हादरा समजून येते. वडिलांचं मन राखणं जास्त मोठं आहे, राजेहो.

हेडवाला_हिंगणा

ताई, तुम्ही प्रश्न विचारण्याआधी जेवढं तपासलं तेवढं गॅरेजमध्येही कोणी तपासत नाही. आता एकच गोष्ट शोधायची राहिली आहे: ते अर्धं कॉम्प्रेशन जातं कुठून. जायचं की नाही ते त्यावर ठरेल. मी हिंगणा एमआयडीसीत लेथवर हेडचं (सिलिंडरच्या टोकाला बसणाऱ्या झाकणाचं) काम करतो, माझ्या हाताखालून या इंजिनांची हेडं गेली आहेत. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

कामठी रोडवाले भाऊ, तुमची भावना पटते, पण फियाटला पाणी आहे. पाण्याचं इंजिन चारही सिलिंडरची उष्णता वाटून घेते. बीटलमध्ये प्रत्येक सिलिंडर आपल्या वाट्याच्या हवेवर जगतो. डायनामोच्या शाफ्टवर बसलेला पंखा जी हवा ढकलतो तेवढीच. आणि ६६ च्या इंजिनमध्ये ऑइल कूलर त्या पंख्याच्या डब्याच्या आतच, डाव्या बाजूला उभा आहे. त्याच्या आडोशाला जो सिलिंडर येतो तो ३ नंबर. त्याला हवा कमी मिळते आणि जी मिळते ती कूलरमधून गरम होऊन आलेली. कंपनीलाही हे माहीत होतं. काही डिस्ट्रिब्युटरमध्ये (चारही प्लगना स्पार्क वाटणाऱ्या भागात) ३ नंबरचा स्पार्क मुद्दाम दोनेक डिग्री उशिरा ठेवलेला असायचा. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर वेगळ्या कप्प्यात सरकवला तेव्हा हा त्रास कमी झाला. म्हणून तुमच्या आकड्यांत ३ नंबर पाहून मला नवल वाटलं नाही.

(आधी एक खात्री करा. या गाडीचे नंबर गिअरबॉक्सच्या बाजूने मोजतात. उजवीकडे पुढचा १, मागचा २. डावीकडे पुढचा ३, मागचा ४. बरेच जण पुलीकडून मोजून ३ ला ४ म्हणतात.)

आता गळती शोधा. पिस्टनरिंगसाठी प्लगच्या भोकातून चमचाभर तेल टाकून पुन्हा कॉम्प्रेशन घेतात, पण इथे सिलिंडर आडवे आहेत. तेल खालच्या बाजूला साचून राहते आणि वरची रिंग कोरडीच राहते, त्यामुळे त्या टेस्टवर मी भरवसा ठेवत नाही. त्यापेक्षा हवा भरा. जुन्या प्लगचं चिनीमातीचं पोट फोडून काढा, उरलेल्या लोखंडी बुडाला हवेची निपल वेल्ड करून घ्या, कोणीही पंक्चरवाला कॉम्प्रेसर लावून देईल. डायनामोच्या नटवर २१ चा पाना लावून इंजिन फिरवा. डिस्ट्रिब्युटरमधल्या रोटरचं तोंड ३ नंबरकडे आलं आणि ३ ची दोन्ही टॅपेट (व्हॉल म्हणजे झडपा उघडणारे भाग) ढिली लागली की पिस्टन बाहेरच्या टोकाला आहे. गाडी चौथ्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, नाहीतर हवेने पिस्टन सरकतो. पाना काढून घ्या आणि मगच हवा सोडा, थोडी थोडी. आता फक्त कान लावा:

सायलेन्सरच्या नळीतून सुस्कारा आला तर एक्झॉस्ट व्हॉल (जळका गॅस बाहेर सोडणारा).
कार्ब्युरेटरमधून आला तर इनलेट व्हॉल (हवा-पेट्रोल आत घेणारा).
तेल भरायच्या तोंडातून आला तर रिंग किंवा पिस्टन.
हेड आणि सिलिंडरच्या जोडातून फुरफुर आली तर हेड ढिलं झालंय, म्हणजे हेड आवळणाऱ्या स्टडचे धागे गेले असू शकतात.

आणि एक विचारायचं आहे. टॅपेट कोण सेट करतं? ३ च्या एक्झॉस्टचा गॅप दर वेळी कमी झालेला सापडतो का?

हे यासाठी विचारतो: एक्झॉस्ट व्हॉल जळत्या गॅसमध्ये उभा असतो. त्याची बरीचशी उष्णता बाहेर पडते ती सीटवर (हेडमधल्या त्याच्या बैठकीवर) टेकल्यावर, हेडमध्ये. जास्त तापला की त्याची दांडी हळूहळू लांबते किंवा सीट खोल जाते. दोन्हीत टॅपेटचा गॅप कमी होतो. गॅप संपला की व्हॉल पूर्ण बसत नाही, बसत नाही म्हणून थंड होत नाही, थंड होत नाही म्हणून आणखी लांबतो. काठ जळतो, कॉम्प्रेशन जाते. तुमच्यासारखंच, थंडीत बरं आणि गरम झालं की मिस. पुढची पायरी म्हणजे व्हॉलची ताटली दांडीपासून तुटून सिलिंडरमध्ये पडते. पिस्टनला भोक पडते, हेड फुटते. तुमच्या इंजिनला एका बाजूच्या दोन सिलिंडरसाठी इनलेटचं भोक एकच आहे, त्यामुळे तुकडे ओढले जाऊन शेजारच्या ४ नंबरमध्येही जातात. हे मी टेबलावर पाहिलेलं आहे आणि अशा इंजिनचा मालक समोर उभा असताना त्याला काय सांगावं कळत नाही.

वायर काढून चालवा हा सल्ला तर मुळीच घेऊ नका. ३ मध्ये पेट्रोल येतच राहते, जळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन खाली तेलात मिसळते. या इंजिनात तेल अडीच लिटर आहे आणि थंड करण्याचं बरंच ओझं त्याच अडीच लिटरवर आहे. ते पातळ झालं की बेअरिंगही जातात. मग दुसऱ्या गॅरेजवाल्याचं बिल खरं होते. जाड तेलाने व्हॉल बसणार नाही, ते डोक्यातून काढा.

रिंग निघाल्या तर ५०-६० ने वर्धा होऊन जाईल, मी स्वतः हो म्हणेन. एक्झॉस्ट व्हॉल निघाला तर बजाजनगरमधून बाहेर काढू नका.

अमरावतीकर_पेट्रोल

एक भर घालतो. आता पंपावर जे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं त्याचाही हात असू शकतो. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. नव्या गाडीचा सेन्सर ते सांभाळून घेतो. आपल्या सोलेक्स कार्ब्युरेटरला काही कळत नाही, मिश्रण हलकं होतं (हवेच्या मानाने इंधन कमी) आणि हलकं मिश्रण गरम जळतं. हेडचं काम झालं की मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) एक माप मोठा टाकून प्लगचा रंग बघा.

त्याहून तातडीचं म्हणजे पेट्रोलचे रबरी पाइप. इथेनॉलने जुनं रबर फुगतं, चिरतं, आणि बीटलमध्ये तो पाइप थेट गरम इंजिनावरून जातो. मागचं झाकण उघडा, पेट्रोल पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंतचा पाइप दोन बोटांत दाबून वाकवा. वाकलेल्या जागी बारीक भेगा दिसल्या तर आजच बदला, क्लिपसकट.

बजाजनगरवाली

हेडवाला काका, (काका म्हटलं तर चालेल ना?) तुम्ही लिहिल्याप्रमाणे सगळं केलं.

टॅपेट मीच सेट करते, बाबांनी शिकवलंय. रात्रभर थंड झालेलं इंजिन, सकाळी चहाच्या आधी, खाली सतरंजी अंथरून. बाबांची एक वही आहे, लांब रेघांची, कडा तेलाने पिवळ्या पडलेल्या. प्रत्येक ट्यूनिंगला त्यांनी आठही टॅपेट कशी सापडली आणि कशी ठेवली ते पेन्सिलीने लिहिलंय. मी तीच पुढे चालवतेय. तुमचा प्रश्न वाचला आणि वही घेऊन बसले. जुन्या पानांवर ३ चा एक्झॉस्ट बाकीच्यांसारखाच आहे. अलीकडच्या प्रत्येक नोंदीत "घट्ट", "घट्ट", "गेज जात नाही". बाकी सात जागेवर. एका पानावर तर बाबांनी ३ भोवती गोल करून ठेवलाय, त्यांच्याच अक्षरात, वर्ध्याला जायच्या आधीचा. त्यांना शंका आलेली होती.

हवा भरली. कॉम्प्रेसरवाला मुलगा घरीच आला. मी सायलेन्सरच्या नळीला कान लावला आणि दुसरं काही ऐकायची गरज उरली नाही. स्पष्ट, सरळ सुस्कारा. तेलाच्या तोंडाशी अगदी किंचित हवा, ती १ नंबरलाही तेवढीच आहे. कार्ब्युरेटर गप्प. जोडाला साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा नाही.

म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल. गाडी जागेवरून हलवत नाही.

अमरावतीकर दादा, पाइपला भेगा होत्या. बदलला.

आता काम किती, ते सांगा. आणि दसऱ्याचं कुणाला काही सुचत असेल तर तेही.

सेवाग्राम_रोड

ताई, मी वर्ध्याचाच. गाडी तीनावर आणायचं तुम्ही सोडलंत ते योग्यच झालं, आणि त्याला अजून एक कारण आहे. दसऱ्याच्या दिवशी दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, बजाजनगर, लक्ष्मीनगर, रहाटे कॉलनी, सगळीकडे रस्ते वळवलेले असतात. वर्धा रोडला लागेपर्यंतच तुम्हाला तासभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगावं लागलं असतं. पंखा इंजिनच्या वेगावर फिरतो, आयडलवर हवा कमी. ऑक्टोबरच्या उन्हात ३ नंबर तिथेच गेला असता.

मी म्हणतो, गाडी बाबांकडे न्यायची कशाला? बाबांना गाडीकडे आणा. वर्ध्याहून नागपूर रेल्वेने तास-सव्वा तासाचं काम. आणि दसऱ्याला नाही, आदल्या दिवशी आणा, खंडेनवमीला. अवजारांची पूजा खंडेनवमीचीच असते. इंजिन उतरवलेलं असेल, पाने, फिलर गेज, ती वही, सगळं पाटावर मांडा. ज्या माणसाने एवढी वर्षं पेन्सिलीने टॅपेट लिहून ठेवली, त्याला हार घातलेल्या बंद गाडीपेक्षा उघडं इंजिन बघायला जास्त आवडेल. गर्दी सुरू व्हायच्या आत घरीही पोहोचतील.

हेडवाला_हिंगणा

काका चालते, बेटा.

काम सांगतो. अख्खं इंजिन फोडायची गरज दिसत नाही. तिघांचं कॉम्प्रेशन १०५ ते ११० आहे, धूर नाही, तेल खात नाही. हेडं गाडीत असताना निघत नाहीत, इंजिन उतरवावंच लागेल. पण गिअरबॉक्सला चार बोल्ट, ऍक्सिलरेटरची केबल, हीटरच्या दोन केबल, पेट्रोलचा पाइप आणि थोड्या वायरी, एवढंच. सरकता जॅक चांगला पाहिजे, इंजिन शंभर किलोच्या पुढे आहे. बॅटरी आधी काढा. पेट्रोलच्या पाइपला बोल्ट खुपसून बंद करा.

दोन्ही हेडं आणा, फक्त डावं नको. एक्झॉस्ट व्हॉल चारही नवे टाका. ३ चा गेला म्हणजे ४, १, २ चेही तेवढीच वर्षं तापलेले आहेत, आणि मेक्सिकोत ही गाडी २००३ पर्यंत निघत होती म्हणून व्हॉल, गाइड अजून मिळतात. गाइड (व्हॉलची दांडी ज्यात सरकते ती नळी) मी हलवून पाहीन. घासलेल्या गाइडमध्ये नवा व्हॉल टाकणं म्हणजे तोच आजार पुन्हा विकत घेणं. सीट ४५ अंशांवर कापून लॅपिंग करून (व्हॉल सीटवर घासून नीट बसवून) देतो. प्लगचं भोक आणि सीट यांच्या मध्ये तडे आहेत का ते धुतल्यावर दिसेल, त्यावर हेड ठेवायचं की नवं घ्यायचं ते ठरवू.

हेड निघालंच आहे तर ३ चा पिस्टन वरून बघा, काठ खाल्लेला आहे का. सिलिंडरच्या पंखांमध्ये बोट घाला. आपल्याकडे माती, उंदराचं घरटं, झाडाची पानं, सगळं तिथे सापडते. ऑइल कूलरच्या फटींतूनही प्रकाश आरपार दिसला पाहिजे. कूलर अर्धा बंद असला तर ३ नंबर मरणारच, व्हॉल कितीही नवा टाका. थर्मोस्टॅट आणि त्याच्या झडपा जागेवर आहेत का तेही बघा. आणि इंजिनच्या चारही बाजूंचं रबर: गाडीखालची गरम हवा वर पंख्याकडे जाऊ न देणं हे त्याचं काम. नागपूरचा मे महिना ४५ च्या वर जातो, तिथे ते रबर फाटकं ठेवून चालणार नाही. बऱ्याच गाड्यांत ते नसतंच, कोणी तरी काढून फेकलेलं असतं.

बसवताना हेडचे नट टॉर्क पान्यानेच. १० चे स्टड असतील तर २३ फूट-पाउंड, त्यावर नाही. क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं आहे, जोर लावला की धागा उपटून हातात येते. आधी मधले, मग बाहेरचे, दोन-तीन टप्प्यांत.

टॅपेट आठही थंड इंजिनवर ०.१५ मिलिमीटर ठेवा. तुमच्या काळच्या पुस्तकात ०.१० आहे, ते कंपनीनेच नंतर वाढवलं. थोडं ढिलं चालेल, टकटक ऐकू येते आणि माणूस बघतो. घट्ट मात्र आवाज न करता मारते. बाबांच्या वहीत ०.१० असेल तर त्यांना विचारून बदला, मान त्यांचा. ५०० किलोमीटरला पुन्हा बघा आणि तेलही तेव्हाच बदला. बीटलला ऑइल फिल्टर नाही, नुसती जाळी आहे, ती काढून धुवायची.

कामठी_रोड

हेडवाले काका, मला हे माहीत नव्हतं, चांगलं समजावलं. ताई, इंजिन उतरवायला माझ्याकडे सरकता जॅक आहे, रविवारी घेऊन येतो. माणसंही दोन आणतो.

बजाजनगरवाली

कामठी रोड दादा, नक्की या, दुपारचं जेवण आमच्याकडेच.

बाबांशी बोलले. ३ च्या एक्झॉस्टचं सांगितलं तर म्हणाले, "मला वाटलंच होतं." गाडी येणार नाही याचं वाईट वाटलंय, आवाजात कळलं. पण खंडेनवमीचं सांगितल्यावर लगेच दादाला तिकिटाचं विचारायला लागले. शिवाय ०.१५ ला त्यांची परवानगी आहे. नवं पान करा म्हणाले, जुन्या आकड्यांवर खाडाखोड करायची नाही.

काका, सोमवारी दोन्ही हेडं घेऊन हिंगण्याला येते. सोबत आणखी काय आणू?

हेडवाला_हिंगणा

पुशरॉड (टॅपेटला ढकलणारे लांब दांडे) आणि त्यांच्या नळ्याही आणा. कुठला रॉड कुठल्या भोकातला त्यावर चिठ्ठी लावून आणा, अदलाबदल नको. नळ्यांच्या टोकांच्या घड्या चेपल्या असतील तर थोड्या ओढून लांब कराव्या लागतात, नाहीतर तेल गळते.

३ चा जुना व्हॉल फेकू नका. नव्याच्या शेजारी ठेवून लांबी आणि ताटलीजवळची जाडी मोजू, आकडा वहीच्या नव्या पानावर वरच लिहून ठेवा. आणि बाबा नागपुरात असतील तर त्यांनाही घेऊन या. खुर्ची आहे, पंखा आहे. सीट कापताना त्यांना बसून बघता येईल.